अकरा मायक्रॉनचा कण

गेल्या अंकात गोळीबारानंतर हातावर आणि कपड्यांवर राहणाऱ्या अवशेषांबद्दल लिहिताना मी लंडनच्या जिल डँडो खुनाचा दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. जिल डँडो ही बीबीसीची अतिशय लोकप्रिय निवेदिका होती. बातम्या, प्रवासावरचा 'हॉलिडे' आणि न सुटलेल्या गुन्ह्यांबद्दल प्रेक्षकांकडून माहिती मागवणारा 'क्राइमवॉच' असे कार्यक्रम ती करायची. २६ एप्रिल १९९९ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, फुलम भागातल्या गोवन ॲव्हेन्यूवर, स्वतःच्या घराच्या दारातच कुणीतरी तिच्या डोक्याला पिस्तूल टेकवून एकच गोळी झाडली. ती ३७ वर्षांची होती. वर्षभरानं बॅरी जॉर्ज नावाच्या, त्याच भागात राहणाऱ्या माणसाला अटक झाली. २००१ मध्ये त्याला जन्मठेप झाली, २००७ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि १ ऑगस्ट २००८ रोजी फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. त्यानंतर कुणावरही खटला उभा राहिलेला नाही.

प्रश्न: मॅडम, मी इचलकरंजीचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या केसवरचे बरेच व्हिडिओ मी पाहिलेत. नाटोनं बेलग्रेडचं टीव्ही केंद्र बॉम्ब टाकून उडवलं आणि तीन दिवसांनी बीबीसीची निवेदिका मारली गेली. हा योगायोग असूच शकत नाही. सर्बियाच्या हस्तकांनी सूड घेतला आणि ब्रिटिश सरकारनं ते दडपलं, असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू' म्हणते. आधी एक सांगते, हा तर्क वेडगळ नाही. तो व्हिडिओवाल्यांच्या डोक्यातून निघालेलाही नाही. २००१ च्या खटल्यात बॅरी जॉर्जचे वकील मायकेल मॅन्सफिल्ड यांनी भर कोर्टात तो मांडला होता. सर्बियन टोळीप्रमुख अर्कान याचं नाव एका गुप्तवार्ता अहवालात आल्याचं त्यांनी ज्यूरीला सांगितलं. अर्कान तोवर हयात नव्हता, जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडमध्येच त्याचा खून झाला होता. त्याला काही विचारण्याची सोय उरली नव्हती.

तारखाही तू बरोबर दिल्यास. तेव्हा कोसोव्होतल्या युद्धावरून ब्रिटनसह नाटो देश सर्बियावर बॉम्ब टाकत होते. ६ एप्रिलला जिलनं कोसोव्होच्या निर्वासितांसाठी मदतीचं आवाहन टीव्हीवर केलं. २३ एप्रिलच्या पहाटे नाटोनं बेलग्रेडचं सरकारी टीव्ही केंद्र उडवलं, त्यात १६ कर्मचारी गेले. २६ ला जिल गेली. त्याच महिन्यात, ११ एप्रिलला, स्लाव्को चुरुविया हा सर्बियन पत्रकार बेलग्रेडमध्ये स्वतःच्या घरासमोर गोळ्या घालून मारला गेला होता. ही सगळी माहिती एका ओळीत मांडली की अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता.

आता त्या ओळीत काय बसत नाही ते बघ. जिल त्या घरात राहतच नव्हती. ती बहुतेक वेळ चिझिकला, होणाऱ्या नवऱ्याच्या घरी असायची, आणि गोवन ॲव्हेन्यूचं घर विकायला काढलं होतं. त्या दिवशी ती तिथे येणार हे फार थोड्यांना माहीत होतं. सकाळी ती चिझिकहून निघाली, हॅमरस्मिथला खरेदी केली, फुलमला मासे घेतले आणि मग त्या घराकडे आली. दुकानांच्या कॅमेऱ्यांत ती दिसते, पण तिच्या मागावर कुणी आहे असं त्या चित्रणात आढळलं नाही. तीन दिवसांत परक्या शहरात शस्त्र मिळवायचं, पत्ता शोधायचा आणि जिथे ती क्वचितच येते त्या दारात नेमक्या वेळेला उभं राहायचं! हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. व्हिडिओत हा भाग किती मिनिटं होता, तेवढं आठवून बघ.

आणि शस्त्र. इथे मी माझ्या हक्काच्या जागेवर आहे, गुन्ह्यातले असले पुरावे प्रयोगशाळेत तपासण्यातच माझी नोकरी गेली. गोळी नऊ मिलिमीटरची होती. पिस्तुलाच्या नळीला आतून पीळ असतो, त्याचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि त्यावरून आम्ही शस्त्र ओळखतो. या गोळीवर ते ओरखडे नव्हते, म्हणजे नळी आतून गुळगुळीत होती. निकामी केलेलं किंवा नुसता आवाज करणारं पिस्तूल कुणीतरी घरगुती कारागिरीनं बदलून घेतलं असावं, असा त्याचा अर्थ निघतो. काडतुसाच्या पुंगळीच्या, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या रिकाम्या नळकांडीच्या, तोंडाशीही हातानं ठोकल्याच्या खुणा होत्या. आपल्याकडे ज्याला गावठी कट्टा म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी ही वस्तू आहे. एखाद्या देशानं धाडलेला मारेकरी असं बेभरवशाचं हत्यार घेऊन येईल का? यावर 'मुद्दामच तसं आणलं असेल, माग लागू नये म्हणून' असं उत्तर मला एका पत्रात आलंय. बघ, हत्यार भारी असतं तर ते हस्तकाचं ठरलं असतं, हलकं निघालं तरी हस्तकाचंच ठरलं.

दडपण्याबद्दलही तेच. पुरावा सापडला तर तर्क खरा, आणि नाही सापडला तर तो लपवला म्हणून तर्क आणखी खरा! तू इंजिनिअर होणार आहेस. सळईवर ताण देऊन ती कुठे तुटते ते तुम्ही प्रयोगशाळेत पाहता ना? तुझ्या तर्कावर असा ताण देऊन बघ. कोणती गोष्ट समोर आली तर तू तो सोडशील, ते एका कागदावर लिही आणि मला पाठव. मी खरंच वाट बघेन.

प्रश्न: मी ठाण्यात फौजदारी वकिली करते. बॅरी जॉर्जला गोळीबाराच्या अवशेषाच्या एका कणावरून शिक्षा झाली असं तुम्ही लिहिलंत. एका कणावरून जन्मठेप होऊ शकते? आणि तोच कण सहा वर्षांनी निरुपयोगी कसा ठरला? आमच्या कोर्टात असा अहवाल आला तर उलटतपासणीत काय विचारावं?

उत्तर: वकीलबाई, तुमच्या प्रश्नासाठी मनापासून आभार. केवळ कणावरून शिक्षा झाली असं माझ्या दोन ओळींतून वाटलं असेल तर ते दुरुस्त करते. त्याला त्या रस्त्यावर पाहिल्याचे साक्षीदार होते, त्यानं पोलिसांना खोटं सांगितल्याचा आरोप होता, त्याच्या घरात अनोळखी स्त्रियांचे चोरून काढलेले फोटो सापडले होते. यातल्या कशानंही त्याच्या हातात पिस्तूल येत नव्हतं. ते काम कणानं केलं.

हा कण त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात सापडला. साधारण साडेअकरा मायक्रॉनचा. आपला केस ढोबळमानानं सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या सहाव्या भागाएवढा. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तिच्यातल्या स्फोटक मिश्रणात शिसं, बेरियम आणि अँटिमनी असतं. चाप ओढला की ते क्षणात वितळून वाफ होतं आणि थंड होताना त्याचे बारीक गोल कण बनतात. कोटातल्या कणात ही तिन्ही मूलद्रव्यं आणि शिवाय ॲल्युमिनियम होतं. खुनातल्या काडतुसाच्या अवशेषांतही ती होती. जुळलं, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण कोट जप्त झाला तो एप्रिल २००० मध्ये, खुनाला जवळपास वर्ष उलटल्यावर. आणि प्रयोगशाळेत जाण्याआधी तो पोलिसांच्या फोटो स्टुडिओत एका पुतळ्यावर चढवून त्याचे फोटो काढले गेले. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारायला लागले होते. मुद्देमालाचं सील प्रयोगशाळेच्या टेबलावर फुटायला हवं, त्याआधी नाही. आमच्या कामात याहून मोठा नियम नाही.

२००७ च्या अपिलात तज्ज्ञांनी जो हिशोब मांडला, तो तुमच्या डायरीत लिहून ठेवण्यासारखा आहे. समजा, गोळी यानंच झाडली. मग वर्षभरानं त्याच्या खिशात एक कण सापडण्याची शक्यता किती? शंभरात एक. समजा, यानं झाडलीच नाही. मग कुठून तरी उडून आलेला एक कण खिशात सापडण्याची शक्यता किती? तीही शंभरात एक. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन. म्हणजे तो कण त्याच्याविरुद्ध काहीच सांगत नव्हता, आणि त्याच्या बाजूनंही काही सांगत नव्हता. २००१ च्या ज्यूरीनं मात्र फक्त पहिलं पारडं पाहिलं होतं.

माझ्या सुनेला हे समजावताना मी अक्षतेचं उदाहरण दिलं. एखाद्याच्या कोटाच्या खिशात कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा सापडला. तो गेल्या वर्षी अमक्याच्या लग्नाला होता का? असेलही. पण कोट घालून माणूस जातो कुठे? लग्नांनाच. शिवाय तो कोट दुसऱ्या कुणी नेला असेल, किंवा इस्त्रीवाल्याकडे वरातीतल्या शेरवानीशेजारी टांगला असेल. मूठभर अक्षता सापडल्या असत्या तर वेगळा विचार केला असता. एका दाण्यावरून मांडव उभा करता येत नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला यावर बोलायचा अधिकार नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणाहून एक राखाडी स्वेटर आणि एक गावठी पिस्तूल आलं. तेव्हा आमच्याकडे एकेक कण दाखवणारं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हतं. कापडाच्या धुवणातले धातू आम्ही मोजायचो. स्वेटरच्या उजव्या बाहीवर शिसं आणि अँटिमनी मिळालं. मी अहवालात लिहिलं, 'गोळीबाराच्या अवशेषांशी सुसंगत.' लिहिलं ते खोटं नव्हतं. पण दोन्ही वस्तू एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, सुतळीनं बांधून आल्या होत्या, ते मी लिहिलं नाही. अहवालाच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता आणि वर कामाचा ढीग होता.

चौदा महिन्यांनी साक्षीला गेले. बचावाचे वकील वयस्कर होते, आवाजही फार मोठा नव्हता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. 'बाई, सुसंगत म्हणजे काय?' मी म्हटलं, 'विसंगत नाही.' 'आणि हे दोन्ही एकाच पिशवीतून आलं होतं का?' मी 'हो' म्हटलं. कोर्टात एकदम शांतता झाली. आरोपी पुढे सुटला. ते चौदा महिने तो कच्च्या कैदेत होता. त्यानं केलं होतं की नव्हतं हे मला आजही माहीत नाही, पण ती बाही त्याच्याविरुद्ध उभी केली होती ती मी. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक अहवालाचं पहिलं वाक्य वस्तू कशात बांधून आली याबद्दल असायचं. 'निष्कर्ष काढता येत नाही' हे शब्द लिहिले की तपासी अधिकारी नाराज व्हायचे. एकजण माझ्यासमोर फाईल आपटून गेले. त्यांची मेहनत मला दिसत होती, तरी शब्द बदलला नाही.

तुम्ही काय विचारावं? सरकारी तज्ज्ञांचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, त्यामुळे आधी तज्ज्ञाला साक्षीला बोलावण्याचा अर्ज द्या. मग पंचनाम्यापासून सुरुवात करा. कपडा कुणी, कधी, कशात बांधला? जप्त करणाऱ्याच्या कमरेला शस्त्र होतं का? शस्त्र आणि कपडा एकाच गाडीतून गेले का? कण किती, एक की पन्नास? आणि शेवटी तोच प्रश्न, 'आरोपीनं गोळी झाडलीच नसती, तर हे सापडण्याची शक्यता किती?' अहवालात याचं उत्तर नसेल तर अहवाल अर्धा आहे. जप्ती दिवाळीच्या सुमाराची असेल तर फटाक्यांबद्दल जरूर विचारा, कारण बेरियम आणि ॲल्युमिनियम फटाक्यांच्या धुरातही असतं.

एक राहिलं. आठ वर्षं तुरुंगात काढून सुटलेल्या बॅरी जॉर्जला नुकसानभरपाई नाकारली गेली. तो निर्दोष असल्याचं पुरेसं सिद्ध झालं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. 'सुसंगत' या शब्दाची सावली किती लांब पडते ते बघा.

प्रश्न: ताई, मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं लंडनमध्ये आहे. १९९९ मध्ये लग्न होऊन नुकतीच हॅमरस्मिथला आले होते. जिलच्या दारासमोरची ती फुलं मी पाहिली आहेत. आता माझा मुलगा, वय १९, म्हणतो की बीबीसीमधल्या लैंगिक अत्याचार करणाऱ्या माणसांची माहिती तिला लागली होती, म्हणून तिला आतल्यांनीच संपवलं. मी काही बोलले की 'तुला काही माहीत नाही' म्हणतो. त्याच्याशी कसं बोलू?

उत्तर: त्याचा संशय कुठून आला हे आधी मान्य करा, नाहीतर तो ऐकणार नाही. जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा मोठा चेहरा होता. त्यानं अनेक दशकं मुलांवर अत्याचार केले, आणि ते उघड झालं ते तो मेल्यानंतर, २०१२ मध्ये. मोठी संस्था भयंकर गोष्ट पोटात ठेवू शकते, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा मुलगा त्यातून शिकलाय, यात त्याची चूक काय?

पण त्याला तारखा लावायला सांगा. १९९९ मध्ये या खुनाबद्दल काय बोललं जात होतं? वेडा चाहता, 'क्राइमवॉच'मुळे पकडला गेलेला एखादा गुन्हेगार, जुना प्रियकर, सर्बिया. अत्याचारी टोळीचा तर्क कधी आला? सॅव्हिल प्रकरण फुटल्यावर. २०१४ मध्ये वृत्तपत्रांनी तो छापला. त्याला दुजोरा देणारा काही पुरावा मिळाला नाही, असं बीबीसीनं तेव्हा सांगितलं. मुलगा म्हणेल, बीबीसी काय, म्हणणारच. ठीक आहे, बीबीसीचं सोडून देऊ. सॅव्हिलबद्दलचं सत्य कसं सिद्ध झालं? शेकडो माणसं पुढे आली, त्यांनी जागा सांगितल्या, वर्षं सांगितली, कोणत्या इस्पितळात, कोणत्या खोलीत ते सांगितलं. जिलबद्दलच्या तर्कामागे असं कोण उभं आहे? हे त्यालाच शोधू द्या. तुम्ही उत्तर देऊ नका. त्याच्या शेजारी बसा, चहा ठेवा आणि तो काय शोधून काढतो ते ऐका.

आणि त्याला जिलबद्दल सांगा, तुम्ही त्या वेळी तिथे होतात. या सगळ्या तर्कांत ती कुठे असते? दारात पडलेली असते, बस्स. ती वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावची. तीन वर्षांची असताना तिच्या हृदयाला भोक होतं म्हणून शस्त्रक्रिया झाली. गावातल्या साप्ताहिकात उमेदवारी करत ती वर आली. त्या सप्टेंबरमध्ये तिचं लग्न होतं. तुम्ही पाहिलेली फुलं कुणी ठेवली होती, लोक काय बोलत होते, तुम्ही का थांबलात, हे त्याला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. ते फक्त त्याच्या आईकडे आहे.

प्रश्न: रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक विचारतो. पुरावे बिरावे राहू द्या. तुमच्या मनात कुणाचं नाव आहे, ते सांगा.

उत्तर: गुरुजी, कुणाचंच नाही. तुम्ही आग्रहानं विचारलंत म्हणून मीही प्रामाणिकपणे मनात डोकावून पाहिलं.

पण माझ्या मनात एक वस्तू आहे, ती पुंगळी. नळी गुळगुळीत असल्यानं त्या गोळीवरून पिस्तूल ओळखता येणार नाही, पण पुंगळीच्या बुडावर टाचणीसारख्या हातोडीचा ठसा पडतो आणि मागच्या पोलादी पृष्ठभागाचेही ओरखडे उमटतात. हे ठसे प्रत्येक शस्त्राचे वेगळे असतात. ते पिस्तूल आजवर सापडलेलं नाही. पण उद्या फुलमच्या एखाद्या माळ्यावर, किंवा थेम्सच्या गाळात, फार गंजलेलं नसताना ते सापडलं, तर कुणीतरी त्यातून एक गोळी झाडून बघेल. मग दोन पुंगळ्या शेजारी शेजारी ठेवून तुलना सूक्ष्मदर्शकाच्या दोन डोळ्यांत पाहील. डावीकडे १९९९, उजवीकडे आजची. भिंगाचा चक्का फिरवत मधली रेघ हळूहळू सरकवायची आणि दोन्हीकडचे ओरखडे एकमेकांना येऊन मिळतात का ते बघायचं. हे मी हजारो वेळा केलंय. त्या टेबलावर मी नसेन, पण जी कुणी असेल तिला एवढंच सांगायचंय, की आधी पिशवी बघ.